घोडीच्या तोंडचा मान

परवा दुपारी जेवून पडवीवर आडवी झाले होते, तेवढ्यात डोंगरावरून बोंडांचा वास खाली उतरला. काजूची बोंडं पिकून झाडाखाली पडली, उन्हात तापली की हा वास सुटतो. गोड म्हणावा तर घशाला धरतो, आंबट म्हणावा तर तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्या कुणाला त्या वासानं भट्टी आठवेल, बोंडांची पहिल्या धारेची दारू, हुर्राक आठवेल. मी उठले आणि गोठ्याकडे जाऊन कडी बघून आले.

कडी लागलेली होती. घोडी उभ्या उभ्या डुलकी काढत होती. बसाप्पा दारात बसून तंबाखू मळत होता. तो हसला.

"मावशी, आता कोण येतंय हितं?"

"कोण येत नाही तेव्हाच बघायचं असतं," मी म्हटलं.

 त्याला माहीत आहे. काजू आले की माझं डोकं जागेवर नसतं. दोन-तीन काजू झाले त्या गोष्टीला. आम्ही इथं वर्षं अशीच मोजतो.

आमच्या सर्वण गावात या दिवसांत सगळ्यांच्या हातांना एकच वास असतो. सकाळी बोंडं गोळा करायची, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडं भट्टीवाल्याकडे पोचवायची. रस कोपरापर्यंत ओघळतो, सुकला की कातडी ताठ होते. बियांचा चीक लागला तर बोटांची सालं निघतात. साबण लावा, राख लावा, वास जात नाही. चोराचा हात कुठला आणि सज्जनाचा कुठला, नाकाला सांगता येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत मला नाकाचीच गरज पडली होती.

शेवंती म्हणजे आमची घोडी. पांढरी, कानांच्या टोकांना जरा पिवळी झाक, म्हणून शेवंती. माझा मुलगा राजन आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहून गंजला, त्याच्या चाकांखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग त्यानं तो काढून टाकला आणि कुठून तरी ही घोडी आणली. तिकडं हरमलला, समुद्राकाठी, बाहेरगावचे लोक येऊन लग्नं करतात. नवऱ्याला घोडीवर बसून वाळूवरून मिरवायचं असतं. राजन फेटा बांधून पुढं लगाम धरून चालायचा. दुसऱ्यांच्या वराती काढता काढता स्वतःचं वय निघून चाललं होतं, पण घर चाललं होतं. बसाप्पा बेळगावकडचा, घोडीची देखरेख करायला राजननं ठेवलेला. आणि घरात माझे धाकटे दीर, भावजी. लग्न केलं नाही त्यांनी. देवळातली सेवा, वाड्यावरच्या म्हणजे आमच्या वस्तीतल्या लोकांसाठी देवाला गाऱ्हाणी घालणं, आणि उरलेल्या वेळात पडवीवर बसून सुपारी कातरणं.

त्या वर्षी हरमलला एका वरातीआधी शेवंती वाळूत आडवी पडली ती लोळायलाच लागली. उठायची, पोटाकडं वळून बघायची, पुन्हा पडायची. आंतड्याला पीळ पडला होता. राजननं तिला टेम्पोत घालून घाटावर नेली, मोठ्या जनावरांच्या इस्पितळात. तिथं पोट फाडून पीळ सोडवला. ते मी बघितलं नाही. मी बघितलं ते तिला घरी आणली तेव्हा. टेम्पोच्या फळीवरून ती एकेक पाय चाचपत उतरली. पोटाला रुंद पट्टा, मान खाली, डोळे कुठंतरी लांब. बाळंतीण पहिल्यांदा खाटेवरून उठते ना, तशी. मी म्हटलं, हे मला जमेल. हे मी केलेलं आहे.

पण उतरल्या उतरल्या राजन मला बाजूला घेऊन बोलला, ते मात्र मी कधी केलेलं नव्हतं.

"आई, डॉक्टर म्हणता, आता परत पीळ पडलो तर परत पोट फाडूक जावचा नाय. ही वाचली तर बरा. मेली तर मी बोटीर जातलंय. हय दुसरा काय आसा माका?"

बोटीवर म्हणजे मोठ्या जहाजावर, परदेशी लोकांची ताटं उचलायला. हरमलचे त्याचे दोन मित्र गेले होते. एक गेला तो आईच्या दिवसांना आला नाही, मुंडण केलेला फोटो पाठवला. मी शेवंतीची दोरी हातात घेतली आणि तिला जुन्या बैलांच्या गोठ्यात नेली. त्या दिवसापासून मी घोडीला राखत होते की मुलाला, ते मी ठरवत बसले नाही. दोघांची दावण एकच होती.

बाळंतिणीला दोन गोष्टींपासून सांभाळायचं असतं, वाऱ्यापासून आणि माणसांपासून. वारा फळी लावून बंद करता येतो. माणसं येतच राहतात. वाड्यावरचं एकेक जण बघायला आलं. घोड्याचं पोट फाडतात आणि ते जगतं, हे कुणी ऐकलं नव्हतं. पलीकडची सुमती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गे वैनी, सून येवक नाय आणि बाळंतीण पयली इली गे तुज्या घरात!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तिचे डोळे कुठं होते ते बघून ठेवलं. पोटपट्ट्यावर होते. ती गेल्यावर मी मिरच्या आणि मीठ घोडीवरून उतरवून चुलीत टाकलं. मिरच्यांचा खाट, म्हणजे ठसका, आला नाही. दिश्ट असली की खाट येत नाही म्हणतात. मग मी आणखी चार मिरच्या टाकल्या, खाट येईपर्यंत.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी डोक्यात ठेवलं होतं. थोडं थोडं ओलं गवत, पुन्हा पुन्हा. धान्य नाही, कोंडा नाही, गोड नाही. हातात धरून अंगणात सावकाश फिरवायची, पळू द्यायची नाही. आणि पोट ऐकायचं. बरगड्यांच्या मागं कान लावला की आत आवाज आला पाहिजे. मला तो आवाज ओळखीचा होता. मंद विस्तवावर पेज ठेवली की मधूनच एखादा बुडबुडा फुटतो, तसा. सकाळी उठले की तोंड धुण्याआधी मी गोठ्यात जाऊन कान लावायची. तिच्या अंगाची ऊब कानाला लागायची, तिच्या केसांना सुकलेल्या गवताचा वास असायचा. पेज शिजतेय, असं ऐकलं की मग मी माझी चूल पेटवायची.

गवत कालव्याच्या कडेचं आणायची. सगळीकडं करपलेलं, फक्त पाण्याच्या काठाला हिरवी रेघ. विळा घेऊन उकिडवं बसून कापायचं, गुडघे कुरकुरायचे. लीद बघायची. शेजारणी नाक मुरडायच्या. पण ज्या दिवशी गोळे घट्ट आणि ओलसर पडायचे, त्या दिवशी मला कुणी सोनं दिल्यासारखं वाटायचं. जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून दाराशी करंजाच्या पाल्याची धुरी घालायची. माझ्या लुगड्याला अजून तो वास आहे, किंवा मला तसा भास होतो.

सगळं बरं चाललं होतं, आणि बोंडं पिकली.

एका दुपारी कान लावला तर पोट गप्प. पेज नाही, बुडबुडा नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं. ती मान वळवून आपल्याच कुशीकडं बघायला लागली, आणि माझ्या हातातला विळा खाली पडला. डिचोलीहून डॉक्टर आले. सुई दिली, मग तिचा ओठ वर करून आत बघितलं, आणि नाक जवळ नेलं.

"काय घातलंत हिला?"

"गवत."

"गवताला असा वास येत नाही आजी. आंबलेलं काहीतरी आहे. कोणीतरी घालतंय. पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, काही उपयोग होणार नाही."

उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिला अंगणात फिरवली. मी, राजन, बसाप्पा, पाळीपाळीनं. भावजी तुळशीपाशी हात जोडून उभे. शेवटी तिनं शेपूट वर केलं आणि लीद टाकली. राजन तिच्या मानेत तोंड घालून उभा राहिला. सगळ्यांनी श्वास सोडला. मी नाही सोडला. कारण मी लीद काडीनं उकलून बघत होते. तिच्यात बोंडाच्या सालीचे तांबूस धागे होते.

कोणीतरी घालतंय. ते वाक्य माझ्या अंगाला कुसळासारखं चिकटलं. भात झोडताना लुगड्यात कुसळ शिरतं, दिसत नाही, काढता येत नाही, पण बसलं की टोचतं, उठलं की टोचतं. चांगल्या माणसाकडं बघून हसताना तर जास्तच.

मी बैलांची जुनी मुसकी माळ्यावरून काढली. गवत खाऊन झालं की घोडीच्या तोंडाला बांधायची आणि मागं गाठ मारायची. माझी गाठ डावीकडून येते, लहानपणी हात मोडला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी बघते तर मुसकी जागेवर, पण गाठ उजवीकडून मारलेली. म्हणजे काढली, खायला घातलं, पुन्हा बांधली. परका माणूस एवढा व्यवस्थितपणा करत नाही. परका आला असता तर काढून टाकून पळाला असता. हे घरचं होतं.

मग मी हात हुंगायला लागले. बसाप्पा ताट घ्यायला आला की त्याचा हात धरून नाकाशी न्यायची. सुमती मीठ मागायला आली तर तिचाही. सगळ्यांना बोंडांचा वास. मलाही.

बसाप्पा एकदा भडकला.

"मावशी, काय हे? मी भट्टीवर जातोय संध्याकाळी, बोंडं मळतोय, वास येणारच की! मी नाही घातलं बगा काय बी. खरं तुम्ही माझ्यावरच डोळा ठेवलाय."

"डोळा सगळ्यांवर आहे. तुझ्यावर नाक आहे," मी म्हटलं.

"आमच्या गावाकडं चोर पकडायला कुत्रं ठेवतात. हितं मावशी!" तो बडबडत गेला. पण त्याच्या बडबडण्यात भीती नव्हती, राग होता. चोराला आधी भीती येते. म्हणून मी त्याला मनातून जरा बाजूला सारला. आणि तो बाजूला झाल्यावर त्याच्या मागं जो उभा दिसला, त्याच्याकडं बघवेना.

राजन.

त्या दिवसांत तो गोठ्यात बसून इंग्रजी शिकत होता. मोबाइल गव्हाणीवर टेकवायचा आणि घोडीकडं बघून म्हणायचा, "गुड इव्हनिंग मॅडम. वेलकम मॅडम. हाऊ मे आय हेल्प यू?" घोडी कान हलवायची. मी विचारलं, हे कित्याक? तो म्हणाला, वरातीक विदेशी येतात म्हणान. पण वरातीत ताटात काय हवं ते कोण विचारतं? तो घोडीला "सूप ऑर सॅलड मॅडम?" असंही विचारत होता. सॅलड म्हणजे कच्चा पाला, हे मला बसाप्पानं सांगितलं.

घोडी मेली तर बोटीवर जायचं. आणि बोटीवर जायची तयारी तर चाललेली. हे दोन मणी मी एका दोऱ्यात ओवले. आईनं ओवू नयेत, पण हात आपोआप ओवत गेले. मी त्याला लहानपणापासून बघते. मुंगीवर पाय पडला तर रडणारा पोर. पण माणूस कंटाळला की काय करतो ते मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय. त्याचे वडील कंटाळायचे तेव्हा मला माहेरी सोडून यायचे. चांगले होते, तरी सोडून यायचे.

एका सकाळी तो पेज प्यायला बसला असता मी त्याचा हात उचलून हुंगला. त्यानं आधी हात दिला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि त्याला कळलं. हात काढून घेतला नाही, उलट दुसराही पुढं केला.

"होय हुंग. मगे पाय हुंग. आई, माजीच घोडी ती."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यानं पेज तशीच ठेवली आणि उठून गेला. मी ती पेज झाकून ठेवली. संशय घेतला म्हणून मी छाती पिटत बसले नाही. घरात साप शिरलाय असं वाटलं तर सगळ्या कोनाड्यांत काठी घालावी लागते, देवाच्या कोनाड्यातही.

आणि साप देवाच्या कोनाड्यातच होता.

त्याच दुपारी कपड्यांचं पाटलं, म्हणजे टोपली, घेऊन मी कालव्याकडं निघाले, सगळ्यांना दिसेल अशी. बसाप्पा हरमलला गेलेला, राजन रुसून कुठंतरी. वळणापर्यंत गेले, पाटलं काजूच्या झाडाखाली ठेवलं, आणि मागच्या कुंपणातून वाकून गोठ्याच्या पाठीमागं आले. चिऱ्यांच्या भिंतीला कान लावला. आत कुणीतरी बोलत होतं. हळू, आर्जवानं, सूर लावून. मी तो सूर जन्मभर ऐकलाय.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या वाड्याची राखण तू करतंस. आज तुजो मान तुज्या घोडयेच्या तोंडात दितंय, तो गोड मानून घे. तिच्या पोटातली पीडा दर्यापलीकडे ने, घरातल्या लेकराक घरात ठेव..."

गाऱ्हाणं संपलं की कुणीतरी साथ द्यायची असते. दारात जाऊन मी दिली.

"व्हय म्हाराजा!"

भावजींच्या हातातली करवंटी खाली पडली. हुर्राक शेणाच्या जमिनीवर सांडला, त्यात रोटाचा तुकडा, कुस्करलेलं बोंड. शेवंतीच्या तोंडाची मुसकी खुंटीला टांगलेली, आणि ओठ ओले.

"वैनी! तुमी कपडे धुवूक गेल्लात मगो?"

"भावजी, तुमी घोडयेक काय घातलात?"

"मान."

"मान नाय. मरण घातलात."

ते मटकन खाली बसले. पकडलेच गेले म्हणून मग त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या वाड्यावरचा राखणदार घोड्यावरून फिरतो असं जुनी माणसं सांगत आली आहेत. दरवर्षी पहिला हुर्राक आणि तांदळाचा रोट त्याच्या दगडापाशी ठेवायचा असतो, तो भावजीच ठेवतात. शेवंती वाळूत लोळत असल्याचा फोन आला, त्या वेळी त्यांनी त्या दगडापाशी जाऊन आंगवण केली, म्हणजे नवस केला. घोडी वाचली तर हुर्राक निघत राहील तोवर राखणदाराचा मान रोज तिच्या तोंडातून. आणि आंगवण पुरी होईपर्यंत कुणाला सांगायची नसते. सांगितली की फळ जातं. म्हणून हा देवमाणूस घरातल्या घरात चोरासारखा वागत होता, मुसकीची गाठ सोडत होता, बांधत होता. घोडीचं पोट फुगलं त्या दिवशी हेच तुळशीपाशी हात जोडून उभे होते.

"पण त्या दिसा ती मरणार होती भावजी. तुमी बगलात."

"म्हणान तर दुसऱ्या दिसा जरा चड दिलंय," ते म्हणाले, "कमी पडला आसतला म्हणान."

हसावं की त्यांच्या डोक्यात करवंटी घालावी, मला कळेना.  मी बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी बंद केलं असतं, पण मग घोडीला शिंक आली तरी त्यांनी आंगवण मोडल्याचा बोल स्वतःला लावला असता. आणि खरं सांगते, मीही घाबरत होते. डॉक्टरांवर माझा विश्वास होता, पण राखणदारावर नाही असं मी कुठं म्हटलं?

शेवटी मी म्हटलं, "तोंड बदलूया."

"म्हणजे?"

"मान घोडयेच्या नावान माका देया."

"वैनी, तुमी सोरो पितलात?"

"तुमच्या भावान जल्मभर पिलो, मी वास घेतलंय. आता चव घेतंय."

तरी देवाला विचारल्याशिवाय भावजी ऐकेनात. दगडापाशी गेलो. अबोलीच्या पाकळ्या ओल्या करून दगडाला दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावजींनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बघत बसलो. वारा पडलेला, एक पान हलत नव्हतं. उजवी पडली. भावजींनी डोळे पुसले. मीही हात जोडले, पण त्यांनी उजवीकडची पाकळी जरा कमी ओली करून लावली होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

मग रोज दुपारी गोठ्यामागं मी घोडीचं तोंड झाले. करवंटीच्या तळाशी हुर्राक, रोटाचा तुकडा. घशातून विस्तव उतरायचा, डोळ्यांतून पाणी, आणि थोड्या वेळानं गुडघे असे हलके व्हायचे की कालव्यावरचं गवत मी गुणगुणत कापायची. सुमतीनं विचारलं, "वैनी, अलीकडे गालार तेज दिसता गे?" मी म्हटलं, उन्हाचं. गाठ आता रोज डावीकडूनच असायची. शेवंतीचं पोट पेजेसारखं शिजायला लागलं.

आंगवण माझ्यावर आली होती, म्हणून मीही कुणाला सांगू शकत नव्हते. राजनलाही नाही. तो माझ्याशी मोजकं बोलत होता. एका दुपारी मी अंगणात तोल सावरत आले, तर तो समोर उभा.

"आई, तोंड हय कर."

"कित्याक?"

"तू माजे हात हुंगलंस. आता माजी पाळी."

हुंगलं त्यानं. डोळे एवढे मोठे. "सोरो?"

"ओखद."

"बसाप्पा!" तो ओरडला. "आईक सोरो तू हाडून दितंस?"

"मी?" बसाप्पा गोठ्यातून आला. "मालक, मलाच कोण देत नाही, मी मावशीला कुठनं देऊ?"

भावजी पडवीवर सुपारी कातरत होते, त्यांनी मान वर केली नाही. राजन आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, आणि तरी सगळे एका जनावराला जगवत होते. असंही घर चालतं. चांगलं चालतं.

काजू संपले. भट्टी विझली. डॉक्टरांनी पट्टा काढला. पोटावर लांब रेघ राहिली, तिच्यावर बारीक पांढरे केस यायला लागले. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता सोडा तिला मोकळी. खालच्या मळ्यात नेली. भात कधीच कापून झालेलं, जमीन उघडी. राजननं दोरी काढली. ती थोडा वेळ तशीच उभी, जणू परवानगी मागत. मग दोन पावलं चालली, आणि अचानक अशी पळाली की धूळ उठली. बांधावर वाड्यावरचे सगळे टाळ्या पिटत होते. भावजी रडत होते. मी घोडीकडं बघत होते, मग राजनकडं बघितलं. तो घोडीकडं बघत नव्हता. मळ्यापलीकडं डांबरी रस्ता आहे, मोप्याच्या विमानतळाकडं जायला लोक तिथून जातात. तो तिकडं बघत होता.

त्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं.

"आई, मी जातंय."

घास माझ्या हातात राहिला. "खय?"

"बोटीर. बसाप्पा घोडयेक सांबाळतलो, वराती करतलो. काका आसा, तू आसा."

"घोडी तर वाचली," मी म्हटलं.

"वाचली म्हणान तर जातंय. दुखेस्त जनावर सोडून कसो जातलंय?"

माझ्या डोक्यात तोवर सगळं उलटं बसलेलं होतं. घोडी मेली तर जाईल, म्हणून मी तिला जगवत होते. आणि तो तिला जगवत होता जायला मोकळं व्हायला. दोघंही एकाच पोटाला कान लावत होतो. माझा संशय अगदीच खोटा नव्हता. त्याचं मन बोटीवर होतंच, हे मी बरोबर हुंगलं होतं. फक्त त्याच्या हाताला लावलेलं पाप त्याचं नव्हतं. मग मी त्याला आंगवणीचं सगळं सांगितलं, फिटली होती ती. तो खूप हसला, जेवण थांबवून हसला, काकाच्या पाठीवर थाप मारली. मीही हसले. पण तो राहिला नाही. दुखेस्त, आजारी जनावर सोडून जायचं नसतं. धडधाकट आई सोडून जायला हरकत नसते.

आता तो असतो कुठं ते मला नीट सांगता येत नाही. कधी म्हणतो बर्फ आहे, कधी म्हणतो ऊन आहे. फोन करतो तेव्हा आधी शेवंतीला बघायचं असतं. बसाप्पा फोन धरतो, मी गोठ्यात उभी राहते.

बोंडांचा वास आला त्या परवाच्याच दिवशी त्याचा फोन आला. महिनाभर मला खोकला आहे. तेव्हाची करंजाची धुरी बसली की काय कोण जाणे, पण छातीतून येतो आणि लवकर थांबत नाही. डिचोलीला जाऊन दाखवा म्हणून भावजी मागं लागलेत. मी जाईन सवडीनं. फोनवर राजनचा चेहरा होता, डोक्यावर पांढरी टोपी. काहीतरी विचारत होता, आणि मला खोकला आला. तोंड पदरात दाबलं, तरी आला.

त्याचा चेहरा एकदम पुढं सरकला. डोळे बारीक झाले. ते डोळे माझेच आहेत, मला ते ओळखता येतात.

"आई, खोकता कोण?"

बसाप्पानं माझ्याकडं बघितलं. भावजींनी बघितलं. मी नुसतं "मी" म्हटलं असतं तर पुढच्या बंदरात तो बोटीवरून उतरला असता. त्याला मी जन्म दिलाय, दुखेस्ताला सोडून तो जात नाही.

"खोकता खंय? घोडी फुरफुरली," मी म्हटलं.

"खरा सांग."

"बसाप्पा, दाखव रे त्याका."

बसाप्पानं फोन शेवंतीकडं फिरवला. ती माझ्याकडं बघत होती, तोंडात गवत. मी पदर तोंडाशी घट्ट धरून ठेवला. राजन पलीकडून बघत राहिला. आणि शहाणी बाय ती, तिनं मान झटकली आणि नाकपुड्या फुलवून अशी दणकून फुरफुरली की फोनवर गवताची काडी उडाली.

"बरी आसा मगे," राजन म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "एकदम बरी."